कंटेनरची ओटी

शोकसभेत माणसाविषयी चांगले बोलावे, हा संकेत मला मान्य आहे. खोटे बोलावे, हा संकेत कुणी ठरवला ते मला माहीत नाही. कळस गावच्या रस्त्याला आमच्या द्राक्ष बागायतदारांच्या संस्थेची शेड आहे. तिथे गेल्या महिन्यात तात्यांची शोकसभा झाली आणि तीन वक्ते तीन वेगवेगळ्या प्रकारे चुकले.

संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, तात्या द्रष्टे होते. या कोरड्या मुलखाला त्यांनी समुद्र दाखवला. दुसऱ्या गृहस्थांची बाग तात्यांनी कधीच निर्यातीच्या लायकीची मानली नव्हती. ते म्हणाले, पुढे पुढे तात्यांच्या डोक्यावर परिणाम झाला, त्या भरात त्यांच्या हातून कंटेनरची ओटी भरण्याचा तो प्रकार घडला आणि आपण सर्वांनी त्यांना केव्हाच क्षमा केली आहे. तिसऱ्यांनी, "गेलेल्या मानसाबद्दल कशाला बोलायचं," अशी सुरुवात करून तात्यांनी संस्थेवर जुना डूख धरला होता, असे सांगून टाकले.

मी उभा राहिलो. अध्यक्षांनी बसल्या जागेवरून हात जोडले.

"सर, तुमचं म्हणणं आमाला ठाऊक हाय. त्याला तात्यांनी सोताच्या तोंडानं उत्तर दिल्यालं हाय. आता ते राहू द्या."

माना हलल्या आणि चहा फिरू लागला.

अध्यक्षांचे म्हणणे खरे आहे. याच शेडमध्ये, याच माणसांसमोर तात्यांनी मला खोटारडा ठरवले होते. त्या दिवसापासून तात्या वेडे आणि मी खोटा, अशी वाटणी या पंचक्रोशीत पक्की झाली आहे. मी आयुष्यभर बारामतीच्या महाविद्यालयात परराष्ट्र व्यापार हा विषय शिकवला. माझ्या विद्यार्थ्यांत आज बँकांचे अधिकारी आहेत, कारखान्यांचे हिशेबनीस आहेत. त्यांच्यापैकी कुणी माझ्या बोलण्यावर शंका घेतली नाही. ती वाटणी मला मान्य नाही. तात्या वेडे नव्हते आणि मी खोटे बोललो नव्हतो. ज्यांना हे ऐकायचे नव्हते त्यांनी निदान वाचावे.

आधी द्रष्टेपणाचे पाहू. तात्या सणसरचे. तरुणपणी नोकरीसाठी किनाऱ्यावर गेले आणि बंदराच्या आवारात टॅली क्लार्क झाले. जहाजावर चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या कंटेनरांचे नंबर तपासणे, एवढेच त्यांचे काम. बायको तिकडेच वारली, मूल झाले नाही. नोकरी संपल्यावर ते सणसरला परतले आणि कंटेनर कसा भरायचा हे ठाऊक असलेला माणूस म्हणून आमच्या संस्थेने त्यांना ठेवून घेतले. मी संस्थेचा सचिव होतो. त्यांनी आम्हाला समुद्र दाखवला नाही. आमची द्राक्षे त्यांच्या आधीपासून परदेशी जात होती. ती कमी सडू लागली, हे मात्र त्यांच्यामुळे, आणि तेवढे श्रेय पुरेसे आहे.

आवारात मिळालेले एक नारिंगी जाकीट त्यांच्या अंगात कायम असे, अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांचे. लग्नाला, ग्रामसभेला, देवळात, चैत्राच्या भर उन्हातही तेच. पट्ट्यांची चमक गेली होती, रंग विटून पिकल्या पपईसारखा झाला होता. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्यांना ओलांडून पुढे जात, कारण ते वीजमंडळाचे माणूस वाटत. तात्यांना त्याचे काही नव्हते. "ह्ये घातलं की वरच्या क्रेनवाल्याला आपून दिसतो," असे ते सांगत. आमच्याकडे क्रेन नाही, हे मी त्यांना दाखवून दिले होते. "सवय ऱ्हायली पायजे सर," ते म्हणाले.

त्यांची खरी खोड निराळीच होती. समोर येईल ती वस्तू हातात घ्यायची आणि ती कोणत्या दाराने आली ते सांगायचे. दार म्हणजे बंदर. भवानीनगरच्या चौकात चहाच्या टपरीवर आमची रोजची बैठक असे. समोरून उसाच्या गाड्या कारखान्याकडे जात आणि तात्यांचे सुरू होई.

"ह्यो ऊस तुमच्या मातीतला, आसं तुमाला वाटतंय. त्याला घातल्यालं पोटॅश जहाजातनं आलं. ठिबकची नळी किनाऱ्यावरच्या कारखान्यात, तेलापासनं झाली. ते त्येल बी जहाजातनं. डिझेल तितनंच. द्राक्षाला मारायचं औषध, प्याकिंगचा कागद, गोडाऊनच्या थंडीचा गॅस, समदं त्याच दारानं आत येतंय आन् त्याच दारानं आपली द्राक्षं भाईर जात्यात. आपून सगळी त्या दारातली मान्सं. दार लावलं की आपला उंबरा गेला."

मी हा विषय शिकवलेला माणूस. किनारपट्टीवर रसायने, खते, तेलशुद्धीकरण आणि निर्यात का एकवटली, आणि तिच्यावर आतला मुलूख किती आणि कसा अवलंबून असतो, हे मी फळ्यावर नकाशा काढून शिकवीत असे. तात्यांचे म्हणणे निम्मे बरोबर आणि निम्मे अतिशयोक्त होते. मी त्यांना सांगितले की इंदापूर-बारामतीचे दूध पुण्यात खपते, साखर बहुतांशी देशातच खपते, ज्वारी तर तालुक्याबाहेरही जात नाही. बंदर बंद पडले म्हणून इथल्या चुली विझणार नाहीत.

"आन् पुणं कशावर जगतंय?" तात्यांनी विचारले.

या प्रश्नाने मी निरुत्तर झालो, असे तात्या पुढे सर्वांना सांगत. मी निरुत्तर झालो नव्हतो. चहा आला म्हणून थांबलो होतो.

या खोडीपायी त्यांनी माणसे तोडली. सणसरमध्ये एक वयस्क गृहस्थ वारले. मुलगा मुंबईहून यायचा होता, म्हणून प्रेत काचेच्या थंड पेटीत ठेवले होते. भेटायला आलेल्यांत तात्याही होते. त्यांनी पेटीला हात लावला, वाकून खालचे यंत्र पाहिले आणि धाकट्या मुलाला म्हणाले, "ह्याचा कंप्रेसर भाईरचा हाय. आपल्या दारानंच आलाय." तो मुलगा त्यांच्याशी पुन्हा कधी बोलला नाही. मी तात्यांना त्याविषयी छेडले तेव्हा ते खरोखर गोंधळले. "त्याला बरं वाटंल आसं वाटलं," म्हणाले, "बापाला लांबनं कुणीतरी मदतीला आलंय म्हणून."

या सगळ्यावरून किनाऱ्यावर त्यांचे प्रेम होते, असे म्हणणाऱ्यांना ते कळलेच नाहीत. आमच्या शेतकऱ्यांची सहल एकदा बंदराकडे न्यायचे ठरत होते. तात्यांनी कडाडून विरोध केला. "काय बघणार? तितं समुद्र न्हाय. तितं आवार हाय. डोंगर फोडून, मिठागरं बुजवून क्येलेलं आवार, आन् त्यात पेट्यांवर पेट्या. कुणी म्हणंल आमी कळसवरनं आलो, तर तितं कळस न्हाय, इंदापूर बी न्हाय. तितं चार अक्षरं आन् पुढं आकडं. उभा जन्म म्या आकडं वाचलं. एकाही पेटीत मानसाचं म्हणून काय दिसलं न्हाय." सहल रद्द झाली. लोकांनी त्याचाही अर्थ काढला की तिकडे तात्यांची काही भानगड असणार.

तिथे त्यांची भानगड नव्हती, बायकोची राख होती. ते त्यांनी मला एकदाच सांगितले. खाडीत राख सोडली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले, तर त्या खाडीत भराव टाकण्याचे काम सुरू झालेले होते.

कंटेनर शेडला लागला की तात्यांचा एक विधी असे. आधी पत्र्यावर ठोसे मारीत ते त्याच्याभोवती फिरत. मग आत जाऊन वास घेत. मग हमालाला बाहेरून दारे लावायला सांगत आणि आतल्या काळोखात एकटेच उभे राहत. पत्र्याला सुईएवढे जरी भोक असेल तरी काळोखात ते चांदणीसारखे दिसते आणि त्यातून गारवा पळतो. ही पद्धत बंदराच्या आवारात रूढ आहे, तात्यांनी काढलेली नाही. मात्र तात्या गरजेपेक्षा फार वेळ आत राहत. लोक म्हणत, आत जाऊन घेतात. हे साफ खोटे आहे. मी एकदा त्यांच्याबरोबर आत गेलो होतो.

दारे लागली. स्वतःचा हात दिसेना. मला घाम फुटला, पण मी तसे दाखवले नाही. भोक कुठेच नव्हते. तरी तात्या हलेनात.

"झाले ना?" मी विचारले.

"झालं."

"मग?"

"आपला माल ह्या अंधारात म्हैना म्हैना बसून जातो, सर. धाडणाऱ्यानं एकदा तरी बसून बघावं."

मी दारावर थाप मारली. बाहेर आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होते ते मला आवडले नाही. मला त्याची जरा भीती वाटली, हे मी मान्य करतो. वेड म्हणतात ते हे असेल, तर पोटच्या मुलीला परगावी पाठवणारा प्रत्येक बाप वेडा म्हणावा लागेल. तात्या भरलेल्या कंटेनरला पोरगी म्हणत. "आज पोरगी निघाली," असे फोनवर सांगत. हमाल हसत. पुढे याच शब्दाने त्यांचा घात केला.

आता मुख्य गोष्ट.

हंगामाचा पहिला कंटेनर निघताना पूजा करायची, ही आमच्या भागातली चाल. उसाच्या पहिल्या गाडीची करतात, नव्या ट्रॅक्टरची करतात, तशीच याची. तात्यांनी पूजेला कधी ना म्हटले नाही. त्यांनी ती चाकाजवळ, बाहेर करायला लावली. आत नारळ नाही, फूल नाही, अक्षता नाहीत, उदबत्तीचा धूर नाही. परदेशातल्या बंदरात दार उघडतील तेव्हा द्राक्षाखेरीज काही सापडता कामा नये. माती तर मुळीच नको. मातीच्या एका ढेकळावर ते लोक सगळा माल अडवतात. हे त्यांनी सर्वांना इतक्या वेळा सांगितले होते की पॅकिंगच्या बायका त्यांची नक्कल करीत.

तो प्रकार घडला त्या वर्षी पहिला कंटेनर उन्हे कलताना भरून होत आला होता. पूजा उरकून मंडळी पांगली होती. दाराजवळ मी खुर्ची टाकून बसलो होतो आणि तात्या शेवटच्या खोक्यांवर पट्ट्या आवळीत होते. तेवढ्यात अध्यक्षांच्या आई आल्या. सगळे गाव त्यांना आक्का म्हणते. त्यांच्या पदराखाली काहीतरी होते.

"तात्या, ह्यात माझी बी द्राक्षं हायेत न्हवं?"

"हायेत की आक्का. ती काय, डाव्या अंगाची."

"मग मला हिची ओटी भरू दे."

त्यांनी पदर बाजूला केला. हिरव्या खणात बांधलेले तांदूळ, हळकुंड, सुपारी. आणि वर, त्यांनीच सांगितले, त्यांच्या बागेतली चिमूटभर काळी माती. लेकीला माहेरचे काहीतरी सोबत असावे म्हणून.

तात्यांनी पट्टी सोडली नाही. "न्हाय आक्का. आत काय चालत न्हाय. तुमालाबी ठाऊक हाय."

"ठाऊक हाय." आक्का तिथेच उभ्या राहिल्या. मग हळू आवाजात बोलल्या. "मालक गेल्यापास्नं म्या कुणाची ओटी भरली न्हाय. भरू देत न्हाईत. नातीच्या लग्नात मला चुलीपाशी बसीवली व्हती. पोरगी निघाली तवा म्या दाराआडनं बघितली. हिला कोण सासू हाय का नवरा हाय? हिची ओटी म्या भरली तर कुणाचं काय वाईट व्हतंय?"

विधवेने ओटी भरू नये, हा समज आमच्याकडे अजून आहे. सुशिक्षितांच्या घरांतही आहे. फक्त ते बोलून दाखवीत नाहीत.

तात्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली. मग त्यांनी पायांतले जाडजूड बूट काढले. ते बूट मी त्यांना कामावर कधी काढताना पाहिले नव्हते. त्यांनी आक्कांना हात देऊन फळीवरून वर घेतले. "ठेवा," म्हणाले. "गाडी हलायच्या आदी म्या काढून घेतो. चालंल?" आक्का म्हणाल्या, "चालंल. ठेवल्यासारखं झालं की बास."

खोक्यांच्या दोन थप्प्यांमध्ये त्यांनी ती ओटी ठेवली, डोळे मिटून हात जोडले आणि खाली उतरल्या. जाताना माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. मी हे सारे दहा हातांवरून पाहिले. माझी दृष्टी तेव्हाही चांगली होती आणि आजही चांगली आहे.

पुढे तात्यांनी दारे लावली, सील ठोकले आणि गाडी गेली.

महिन्याभराने परदेशातून निरोप आला की माल अडवला आहे. सोबत फोटो होता. पोलादी टेबलावर सोडलेला हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि काळी माती. तपासणी होईपर्यंत कंटेनर तिथेच पडून राहिला आणि द्राक्ष काही थांबत नाही. सगळा माल त्यांनी नष्ट केला. मागून गेलेले कंटेनरही एकेक करून उघडले गेले. खरेदीदाराने पुढचा माल नको म्हणून कळवले. बागांत घड लोंबत होते आणि न्यायला कुणी नव्हते.

सभा भरली. फोटो मोबाइलवरून मोबाइलवर फिरत होता. ओटी आहे हे शेंबड्या पोरालाही कळले असते. कुणाची, हा प्रश्न होता. पॅकिंगच्या बायकांवर ओरडाआरडा सुरू झाला. त्या रडू लागल्या. मी उभा राहिलो आणि जे पाहिले ते सांगितले.

"ओटी आक्कांनी भरली. मी समोर बसलो होतो."

मग मागून एक आवाज आला, "आक्कांनी? त्यास्नी चालतं व्हय?" दुसरा म्हणाला, "म्हणून तर." तिसरा, "रांडमुंड बाईचा हात लागल्यावर दुसरं काय व्हणार." माती, तपासणी, परदेशचा नियम, सगळे बाजूला पडले. अध्यक्षांचा चेहरा पांढरा झाला होता. त्यांची आई घरी होती. पण पाच मिनिटांत हे शब्द तिच्या दारात पोचले असते.

तात्या उठले.

"सर खोटं बोलत्यात."

मला वाटले मी चुकीचे ऐकले.

"आक्का त्या दिशी कंटेनरजवळ आल्याच न्हाईत. सर लांब बसलं व्हतं. त्यास्नी काय दिसलं कुणास ठाऊक. ओटी म्या भरली."

"तुमी?" अध्यक्ष म्हणाले.

"का? पोरगी माझी. तिला आय न्हाय. मग कुणी भरायची?"

आधी कुणीतरी हसले, मग बरेच जण हसले आणि मग त्या हसण्याचा संताप झाला. एरवी कुणाला पटले नसते. पण नारिंगी जाकीट घालून काळोखात उभा राहणारा, कंटेनरला पोरगी म्हणणारा माणूस तिची ओटी भरेल, यात न पटण्यासारखे काय होते? सगळ्यांना पटले. अध्यक्षांनी किती पटकन पटवून घेतले, ते मी पाहिले. त्याच बैठकीत तात्यांना काढून टाकण्याचा ठराव झाला. मी विरोधात हात वर केला. एकटाच.

काही जण मला आजही म्हणतात, सर, खरे असले तरी तिथे बोलायची काय गरज होती. रडणाऱ्या बायकांवर आळ येत असताना जो गप्प बसतो त्याला मी शहाणा म्हणत नाही. माझे बोलणे योग्यच होते. ते ऐकून लोक काय बरळतील याची हमी मी घेतलेली नव्हती.

दोन-तीन दिवसांनी मी सणसरला गेलो. कालव्याकडेच्या दोन खोल्यांत तात्या राहत. मी रागातच गेलो होतो आणि ते लपवले नाही.

"चारचौघांत मला खोटे पाडलेत."

"व्हय."

"कशासाठी?"

"तुमी खोटं ठरला तर तुमाला कुणी घराभाईर काढणार न्हाय, सर. तुमी बारामतीला जाऊन पेपर वाचत बसाल. आक्कांनी कुठं जायचं?"

या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर होते. पण ते मी तिथे दिले नाही. मी दुसरेच विचारले. "ओटी काढून घेणार होतात ना? का काढली नाही?"

ते म्हणाले, गाडीवाला घाई करत होता, राहून गेले. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. तात्या विसरणारे नव्हते. सील ठोकण्याआधी दाराचे रबरसुद्धा बोट फिरवून पाहणारा माणूस हिरव्या खणाची ओटी विसरेल, हे मी मानत नाही. त्यांनाही ते कळले असावे.

"हात गेला व्हता," ते म्हणाले. "पर उचलंना. वाटलं, जाऊ द्या. एका तरी पेटीत मानसाचं काय असू द्या. तितं उघडणाऱ्याला कळू द्या की हे कुणीतरी धाडलंय."

"आणि त्यांना काय कळले? माती कळली."

"व्हय," तात्या म्हणाले. "माती कळली."

ती त्यांची चूक होती. मोठी चूक होती. कित्येक घरांचा हंगाम तिने बुडवला. ती झाकावी असे मला वाटत नाही. वेड निराळे आणि चूक निराळी. तात्यांना सगळे ठाऊक होते आणि तरी त्यांच्या हातून ती ओटी उचलली गेली नाही. यात डूख नव्हता. शोकसभेतल्या तिघांनाही एवढेच मला सांगायचे होते.

त्यानंतर तात्यांना कुणी काम दिले नाही. भवानीनगरच्या टपरीवर ते येत, पण त्यांच्या बाकावर कुणी बसत नसे. मीही बसलो नाही. मला खोटारडा म्हणणाऱ्याने आधी क्षमा मागावी, असे माझे म्हणणे होते आणि ते गैर होते असे मी अजूनही मानत नाही. हंगामात दुसऱ्यांचे कंटेनर रस्त्याने जात. तात्या हातातला पेला खाली ठेवून ते नजरेआड होईपर्यंत पाहत आणि पुन्हा पेला उचलीत. वस्तू हातात घेऊन तिचे दार सांगण्याची खोड त्यांनी सोडली होती. ऐकायला कुणी नव्हते.

गेल्या वर्षी थंडीत आक्कांनी मला बोलावणे धाडले. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. बोलणे मात्र शाबूत होते. अध्यक्ष बाहेर ओसरीवर कुणाशी बोलत होते.

"सर, तुमी खरं बोलला व्हता," आक्का म्हणाल्या. "मला ठाऊक हाय."

एवढ्या वर्षांत हे वाक्य मला पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होते. मी म्हणालो, "मग मुलाला हाक मारतो. त्याच्यासमोर सांगा."

"ते न्हाय व्हायचं." त्यांनी मान हलवली. "सभेच्या आदल्या दिशी तात्या माझ्याकडं आला. त्यो निस्तं ऐकून आलता, फोटू बघितला न्हवता. मला म्हणाला, आक्का, जी घावली ती तुमची न्हवं. तुमची ओटी म्या आदीच काढून ठिवली व्हती, ही घ्या माघारी. मला गाठोडं दिलं. तांदूळ, हळकुंड, सुपारी, समदं व्हतं. माती बी व्हती."

"मग?"

"खण जांभळा व्हता. कोरा. दुकानाच्या घडीची रेघ बी मोडली न्हवती."

मी ओसरीकडे पाहिले.

"माझा जुना, हिरवा. त्याला काय, गड्याला, रंग कुठनं ध्यानात ऱ्हायाचा. म्या म्हणलं, बरं झालं बाबा, माझ्या जिवाचा घोर गेला. त्याला वाटलं, मला पटलं. जाताना केवढा हलका झाला व्हता." त्या थांबल्या. श्वास घेतला. "सर, मालक गेल्यापास्नं माझ्या वटीत कुणी खण घातला न्हाय. लेकानं न्हाय, सुनंनं न्हाय. त्यो मला देत व्हता तवा मी ह्यो असा..."

त्यांनी अंगावरची वाकळ सारली आणि पदराची दोन टोके दोन्ही हातांत धरून तो माझ्यासमोर पसरला. रिकामा पदर त्यांनी तसाच धरून ठेवला, आणि कुठे पाहावे ते मला कळेना.

अध्यक्ष चहा घेऊन आत आले. आक्कांनी पदर सोडला.

"काय म्हणत्यात सर?" अध्यक्षांनी विचारले.

"कालव्याच्या पाण्याची पाळी कधी हाय, ते इचारत्यात," आक्का म्हणाल्या.

मी होय म्हणालो. अध्यक्ष खुर्ची ओढून बसले आणि पाळी कधी आहे, यंदा पाणी का कमी सुटणार आहे, ते त्यांनी मला नीट समजावून सांगितले.